सावंतवाडीचा राजवाडा, रेडीची खाण आणि ‘गंज’ शब्दाचे दोन अर्थ

(ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोललेलं आहे, म्हणून भाषाही बोलण्याचीच ठेवली आहे.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, वाळूजच्या शिफ्टवरून घरी निघाला असाल, जिथे असाल तिथे आवाज थोडा वाढवा. आजचा विषय प्रवासाचा आहे, पण नुसता ‘कुठे राहायचं, काय खायचं’ एवढाच नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करू. केजीएफ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रॉकी भाई, बरोबर? दाढी, हातोडा, स्लो मोशन. आता सिनेमा बाजूला ठेवा. खरं केजीएफ म्हणजे कर्नाटकातलं कोलार गोल्ड फील्ड्स. १८८०च्या सुमारास जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी तिथे आली आणि मोठं खोदकाम सुरू झालं. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून तारा टाकून तिथे वीज नेली. देशातल्या भल्याभल्या शहरांत तेव्हा कंदील होते! खाण जवळजवळ सव्वातीन किलोमीटर खोल गेली. शंभर-सव्वाशे वर्षांत ८०० टनांहून जास्त सोनं निघालं. आणि २८ फेब्रुवारी २००१ला खाण बंद झाली.

मग? मग गावाचं काय झालं? तिथे आजही सायनाइड वापरून सोनं काढल्यानंतर उरलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घरात येते. हजारो माणसं रोज पहाटे ट्रेन पकडून बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परत येतात. ज्या गावाने देशाला सोनं दिलं, त्या गावाला आता दुसऱ्या गावात जाऊन पगार आणावा लागतो.

तुम्ही म्हणाल, हे कोलारचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे राव. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे शाळेत शिकलोय आपण. पण त्याच राज्यात रायचूर जिल्हाही होता आणि तिथे हट्टी नावाची सोन्याची खाण आहे. ती आज कर्नाटकात आहे आणि अजून चालू आहे. त्याच भागात मस्कीला १९१५ साली बीडन नावाच्या खाण इंजिनिअरला एका खडकावर कोरीव लेख दिसला. तो निघाला सम्राट अशोकाचा, तोही अशोकाचं नाव स्पष्ट लिहिलेला. माणूस सोनं शोधायला गेला आणि त्याला अशोक सापडला! तर सोन्याच्या खाणीची गोष्ट औरंगाबाद, बीड, परभणीच्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्यातलीच आहे.

खाण संपल्यावर हॉटेल

आता जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ग्रास व्हॅली नावाचं छोटं गाव आहे. १८५०ला तिथे गारगोटीच्या खडकात सोनं सापडलं. तिथल्या एम्पायर माइनमधून १९५६पर्यंत अंदाजे १८० टन सोनं निघालं. खाली बोगद्यांची लांबी ५९० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे इथून मुंबईला जाऊन परत यायला जेवढं अंतर कापावं लागेल, त्याच्या जवळपास जाणारं अंतर एका गावाच्या पोटात!

तिथे खाली उतरणारे बरेचसे कामगार इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले. आणि केजीएफला जॉन टेलर कंपनीने आणलेले गोरे मुकादम आणि तंत्रज्ञ? तेही कॉर्नवॉलचेच. ही मंडळी जिथे गेली तिथे आपला डबा घेऊन गेली. पेस्टी म्हणतात त्याला. मोठ्या करंजीसारखा आकार, आत मांस आणि बटाटा. ग्रास व्हॅलीत ती आजही विकली जाते.

पण ग्रास व्हॅलीने आणि शेजारच्या नेवाडा सिटीने खाण संपल्यावर वेगळा रस्ता धरला. एम्पायर माइन सरकारने विकत घेऊन संग्रहालय केली. खाणीच्या काळातली जुनी हॉटेलं पाडली नाहीत. ग्रास व्हॅलीचं हॉलब्रुक हॉटेल आणि नेवाडा सिटीचं नॅशनल एक्सचेंज हॉटेल, दोन्ही एकोणिसाव्या शतकातली. अलीकडे दोन्ही नीट दुरुस्त करून पुन्हा उघडली. लोक मुद्दाम तिथे राहायला जातात. लाकडी जिना, जुना बार, भिंतीवर खाणकामगारांचे फोटो.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. तिथे आयडाहो-मेरीलँड नावाची एक बंद खाण पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव आला होता. सोन्याचा भाव आकाशाला भिडलेला. रोजगाराचं आश्वासनही होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या कौंटीच्या निवडून आलेल्या मंडळाने तो एकमताने फेटाळला. लोकांना भीती होती विहिरींच्या पाण्याची, ट्रकच्या वर्दळीची, धुळीची. म्हणजे ज्या गावाचा जन्मच सोन्यातून झाला, त्या गावाने सोन्याला ‘आता पुरे’ म्हटलं.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आपल्या महाराष्ट्रात अशी जागा आहे का? जिथे शेजारी खाण आहे, आणि जुनी वास्तू नीट करून तिच्यात पाहुणे ठेवले जातात? जिथे या दोन गोष्टी शेजारी-शेजारी बघता येतील?

आहे. सावंतवाडी.

राजवाड्यात एक रात्र

सिंधुदुर्ग जिल्हा, गोव्याच्या सीमेला लागून. संभाजीनगरहून आधी देवगिरीने मुंबई आणि मग दादरहून तुतारी एक्स्प्रेस. हो, तुतारी म्हणजे केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलेलं नाव. कोकण रेल्वेने ‘सावंतवाडी रोड’ला उतरायचं. स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, त्यामुळे रिक्षा करावी लागते. मी आणि माझी ताई दोघं गेलो होतो. रिक्षावाल्या काकांचा पहिला प्रश्न, “खयसून इलात?” आम्ही संभाजीनगर सांगितलं तर म्हणाले, “अरे बापरे, लांबसून इलात!”

गावाच्या मधोमध मोती तलाव आणि तलावासमोर राजवाडा. सावंत भोसले घराण्याचा. तिसरे खेम सावंत यांच्या काळात, म्हणजे १७५५ ते १८०३च्या दरम्यान बांधलेला. बांधकाम जांभ्या दगडाचं. आपल्याकडे सगळं काळ्या बेसॉल्टचं, वेरूळपासून पाणचक्कीपर्यंत. त्यामुळे आपल्या डोळ्यांना हा लाल राजवाडा वेगळाच वाटतो.

आज राजवाड्याच्या आवारातला एक भाग नीट करून तिथे छोटं हॉटेल चालवतात. राजघराण्यातल्या तरुण पिढीने २०२२च्या सुमारास ते सुरू केलं. खोल्या अगदी मोजक्या. रंगकाम, सजावट सगळी गंजिफावर. खिशाला जड आहे, हे आधीच सांगतो. आम्ही एकच रात्र राहिलो, ताईच्या प्रमोशनच्या निमित्ताने. दुसऱ्या दिवसापासून साधा होमस्टे.

आता गंजिफा म्हणजे काय? गंजिफा म्हणजे पत्ते, पण गोल. हातात मावतील असे. आपले नेहमीचे पत्ते ५२, पण दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असं करत कल्कीपर्यंत. प्रत्येक रंगात १२ पानं, त्यात एक राजा आणि एक प्रधान. यातला एक नियम मला फार आवडला. डाव दिवसा खेळत असाल तर सुरुवात राम ज्याच्याकडे असेल तो करणार, रात्री खेळत असाल तर कृष्ण ज्याच्याकडे असेल तो. म्हणजे पत्ते वाटायच्या आधी खिडकीतून बाहेर बघायचं!

प्रत्येक पान हाताने रंगवायचं. जुन्या पद्धतीत कापडाला किंवा कागदाला चिंचोक्याची खळ लावून थर चढवायचे, घोटायचं, गोल कापायचं, मग चित्र आणि वर लाखेचा हात. एका डावासाठी हे १२० वेळा करायचं. छापील पत्ते आले तसे हे कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत ही कला येणारे एखाद-दुसरे म्हातारे कारागीर उरले होते.

तेव्हा राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या चितारी कारागिराकडून ही कला समजून घेतली, स्वतः शिकले, आणि १९७०च्या दशकात राजवाड्याच्या दरबार हॉलमध्येच कारागीर बसवून काम सुरू केलं. सत्त्वशीलादेवी मूळच्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. २०१८मध्ये त्या गेल्या. पण दरबार हॉलमध्ये काम चालू आहे. मी स्वतः बघितलं. जिथे कधीकाळी दरबार भरायचा तिथे एक ताई मान खाली घालून, अगदी बारीक ब्रशने, रुपयापेक्षा थोड्या मोठ्या गोलावर वराहाचा दात काढत होत्या. आम्ही दहा मिनिटं उभे होतो, त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफाला जीआय मानांकनही मिळालं आहे.

मला इथे थोडं स्पष्ट बोलायचं आहे. राजवाड्यात राहणं म्हटलं की एक रोमँटिक नशा चढते. रील्स बनतात, ‘रॉयल फील’ वगैरे. आपण मराठवाड्याची माणसं. संस्थान काय असतं हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे. राजवाडे आकाशातून पडत नाहीत, ते शेतसाऱ्यातून उभे राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी गेल्यावर मी एक गोष्ट बघतो: ही वास्तू आज कुणाला काम देते? सावंतवाडीत मला त्याचं उत्तर दरबार हॉलमध्येच मिळालं. राजवाडा हॉटेल झाला म्हणून तिथे पाहुणा येतो, पाहुणा खोलीच्या भिंतीवर वराह बघतो, खाली येऊन तोच वराह रंगवणारा हात बघतो आणि बहुतेक वेळा काहीतरी विकत घेऊन जातो. नुसती खोली भाड्याने दिली असती तर हे घडलं नसतं. जुन्या वास्तूत जुनं काम जिवंत ठेवलंय, म्हणून घडतं.

गावात चितार आळी आहे, तिथे लाकडी खेळणी आणि फळं मिळतात. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. केळी, आंबा, वांगं, असं हुबेहूब की ताईने एका दुकानात खरोखर वास घेऊन बघितला.

रेडी: लाल माती, लाल पाणी

आता दुसरी बाजू. सावंतवाडीहून गाडीने तासाभरात तुम्ही वेंगुर्ला तालुक्यातल्या रेडीला पोचता. समुद्रकाठचं गाव. इथे लोहखनिजाच्या खाणी, आणि ते खनिज जहाजात भरायला रेडीचं बंदर. अनेक वर्षं इथला लाल दगड परदेशी गेला.

रेडीचं नाव महाराष्ट्रभर माहीत आहे ते मात्र गणपतीमुळे. १९७६ साली खाणीच्या जागेत एक ट्रक ड्रायव्हर झोपला होता, त्याला दृष्टांत झाला, खणल्यावर मूर्ती मिळाली, अशी कथा तिथे सांगतात. दोन हातांचा भव्य गणपती. नंतर त्याचा उंदीरही सापडला. आज तिथे देऊळ आहे, मोठी गर्दी असते. विचार करा, खाणीतून जे बाहेर निघालं त्यातली गावात राहिलेली एक गोष्ट म्हणजे हा गणपती. बाकीचं बहुतेक सगळं जहाजात बसून गेलं.

आम्ही जवळच्या शिरोड्यात एका घरी राहिलो. शिरोडा म्हणजे वि. स. खांडेकर जिथे शिक्षक होते ते गाव, आणि १९३०चा मिठाचा सत्याग्रह झाला तेही हेच. घरच्या काकूंनी रात्री बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी वाढली आणि गप्पा सुरू झाल्या. त्यांच्या यजमानांचा ट्रक होता. पलीकडे गोव्याच्या खाणींवर लावलेला. कर्ज काढून घेतलेला. चांगले दिवस होते, घरावर स्लॅब पडला, मुलाला इंजिनिअरिंगला घातलं. मग ऑक्टोबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. बेकायदा उत्खननाचं प्रकरण मोठं होतं, न्यायालयाने थांबवलं त्याला कारण होतं. पण काकू एवढंच म्हणाल्या, “ट्रक उभो रवलो, पण हप्तो काय उभो रवलो नाय.”

ट्रक शेवटी मिळेल त्या भावात गेला. मुलगा आता गोव्यात एका हॉटेलात कामाला आहे.

मी विचारलं, खाण परत सुरू झाली तर हवी आहे का? काकू लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पैसो होतो तो खरो, पण पावसात व्हाळाचा पाणी लाल येय, शेतात चिखल बसा, तो पण खरो. दोन्ही खरं. मला वाटतं, टीव्हीवरच्या चर्चेत जे कधी ऐकायला मिळत नाही ते हे आहे. तिथे एकतर ‘विकासविरोधी’ असतात नाहीतर ‘पर्यावरणाचे मारेकरी’. काकूंच्या घरात दोन्ही एकाच ताटात जेवतात.

रेडीहून थोडं पुढे गेलं की तेरेखोलचा किल्ला. जागा आहे नदीच्या महाराष्ट्राकडच्या काठावर, पण हद्द गोव्याची. सावंतवाडीच्या भोसल्यांचा किल्ला, १७४६मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला. याही किल्ल्याचं पुढे हेरिटेज हॉटेल झालं. तटावर उभं राहिलं की एका बाजूला केरीचा किनारा आणि फेरीबोट दिसते, आणि मागे वळलं की रेडीची बाजू.

‘गंज’चे दोन अर्थ

आता थोडं विज्ञान. सावंतवाडीचा राजवाडा लाल का? कारण जांभा दगड. जांभा लाल का? कोकणातल्या धो धो पावसात हजारो-लाखो वर्षं खडक झिजला, विरघळणारं सगळं वाहून गेलं, आणि मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्या लोखंडाला हवा-पाणी लागून जे झालं त्याला शास्त्रात ऑक्साइड म्हणतात आणि आपण घरात गंज म्हणतो. जांभ्याची एक गंमत आहे, जमिनीतून ताजा काढला तर मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवेत राहिला की कडक होत जातो. म्हणून कोकणात सगळी घरं त्याचीच.

आणि रेडीचं खनिज? तेही लोखंडाचं ऑक्साइडच. लाल रंगाचं कारण एकच. एका ठिकाणी त्या लाल दगडाची भिंत झाली, ती अडीचशे वर्षं उभी आहे. दुसऱ्या ठिकाणी तो जहाजातून गेला.

आणि गंजिफा हा शब्द? फारसीत ‘गंज’ म्हणजे खजिना, त्यावरून तो आला असं मानतात. तर कोकणच्या या एका कोपऱ्यात दोन गंज आहेत. एक जमिनीत, एक कारागिराच्या बोटात. जमिनीतला एकदा काढला की संपला. बोटातला संपतो तो शिकणारं कुणी राहिलं नाही की.

हा हिशोब प्रामाणिकपणे करू

आता तुमच्यापैकी कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच बोलतो. मोजक्या खोल्यांच्या हॉटेलवर आणि चार-दोन कारागिरांवर तालुका चालतो का? नाही चालत. खाण एका झटक्यात शेकडो ट्रक लावते. हॉटेल तेवढं कधीच करणार नाही. हे मान्य न करता ‘पर्यटनातून विकास’ म्हणणं म्हणजे काकूंसारख्यांच्या डोळ्यांत धूळ फेकणं आहे.

पण मग दुसरा आकडाही बघा. खाण किती वर्षं? आणि बंद पडल्यावर काय राहतं? दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाचं उदाहरण आहे. तिथे लोहखनिजाची खाण. जुलै २०२१च्या पावसात खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याने कड फोडली आणि लाल चिखलाचा लोंढा गावात घुसला. बागा, शेतं, घरं चिखलात गेली. सुपारीची बाग परत उभी करायची तर आयुष्याची किती वर्षं जातात हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आणि हा सगळा पट्टा, सावंतवाडी ते दोडामार्ग, साधासुधा नाही. तिलारीच्या जंगलात वाघ आहे. २०२०मध्ये तिथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. कर्नाटकातून हत्ती येतात. हेवाळे-बांबर्डेला मायरिस्टिकाची दलदल आहे, अतिशय जुन्या प्रकारचं जंगल, झाडांची मुळं पाण्याच्या वर गुडघ्यासारखी आलेली. २०११मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, त्यात या भागातल्या खाणींबद्दल कडक इशारे होते. २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यात झाडं तोडायला बंदी घातली. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने इथल्या २५ गावांना परिसंवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याच्या दिशेने पावलं उचलायला केंद्राला सांगितलं. म्हणजे निर्णय अजून घडतो आहे. ग्रास व्हॅलीने खाणी संपल्यावर अनेक दशकांनी ‘पुरे’ म्हटलं. इथे काही गावांना अजून पहिल्यांदाच ठरवायचं आहे.

माझं मत विचाराल तर सांगतो. राजवाड्याचं हॉटेल हे खाणीला पूर्ण उत्तर नाही. पण त्यातून एक गोष्ट शिकता येते. पैसा बाहेरून आला तरी त्यातून गावात एक कौशल्य टिकलं. शिरोड्याच्या काकूंचा होमस्टे त्याच साखळीतला आहे. दोडामार्गची नारळ-सुपारी-मिरीची बाग, काजूचे छोटे कारखाने, गोडं पाणी, हे सगळं मिळून एक कमाई होते. ती ट्रकच्या कमाईएवढी झगझगीत नाही, पण एका तारखेला सगळी बंद पडत नाही. आणि ज्या लोकांना ट्रकचे हप्ते भरावे लागले, त्यांना ‘निसर्ग वाचवा’ सांगण्याआधी पुढच्या महिन्याचा पगार कुठून येणार हे सांगायला हवं. नाहीतर ते खाणीलाच मत देणार, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

फोटोत कोण नाही?

अजून एक मुद्दा, आणि तो तुम्ही कुठल्याही हेरिटेज हॉटेलात राहाल तेव्हा उपयोगी पडेल. भिंतीवरचे जुने फोटो बघा आणि स्वतःला विचारा, यात कोण नाही?

ग्रास व्हॅलीच्या आसपासची जमीन मुळात निसेनान आदिवासींची. सोनं सापडलं आणि काही वर्षांत त्यांचं गाव, जंगल, नदी सगळं गेलं. सोनं वेगळं करायला पारा वापरायचे, तो तिथल्या ओढ्यांच्या गाळात आजही सापडतो. केजीएफला गोऱ्या साहेबांचा क्लब होता, बंगले होते, लोक त्याला छोटं इंग्लंड म्हणायचे. आणि खाली तीन किलोमीटरवर, अंगाची लाही करणाऱ्या उष्णतेत उतरणारे बहुसंख्य कामगार तमिळ भागातून आलेले दलित होते. ते एका खोलीच्या चाळीत राहायचे.

सावंतवाडीत मला बरं वाटलं ते एवढ्यासाठी की चितारी कारागीर भिंतीवरच्या फोटोत नाहीत, समोर बसलेले आहेत. त्यांना तुम्ही प्रश्न विचारू शकता.

आणि आपलं काय?

आता गाडी घरी आणू. आपल्या शहरात सोन्याची खाण नाही. पण आपल्याकडे अजिंठा-वेरूळला जगभरातून माणूस येतो. तो काय करतो? जालना रोडवरच्या हॉटेलात झोपतो, सकाळी गाडीत बसतो, लेणी बघतो आणि निघून जातो. गुलमंडी, बेगमपुरा, पैठण गेट, जुन्या शहरातले लाकडी खांबांचे वाडे, हवेल्या, यातलं काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेल्या खडकीचं आजचं आपलं शहर. त्याने खेळवलेल्या नहरी जमिनीखाली आहेत. हिमरू विणणारे हातमाग आता बोटावर मोजण्याएवढे उरलेत. आणि वाडे? एकेक करून पडतायत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की वाडा आधी मोकळा होतो, मग पडतो, मग तिथे चार मजली कॉम्प्लेक्स.

मी असं म्हणत नाही की सगळ्या वाड्यांची हॉटेलं करा. पण एखाद्या वाड्यात सहा खोल्या नीट केल्या, खालच्या ओसरीवर हिमरूचा एक माग ठेवला, सकाळी नाश्त्याला नान-खलिया दिला, तर पाहुणा एक रात्र जास्त राहील की नाही? ती एक रात्र म्हणजे एका विणकराच्या पोराला माग सोडून न जाण्याचं एक कारण. त्यासाठी राजघराणं लागत नाही. चार चुलत भावांची एकी लागते. आता ती जास्त अवघड आहे, हे मलाही माहीत आहे!

जाणार असाल तर

पटकन कामाच्या गोष्टी. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, फिरणं अवघड, पण जंगल बघण्यासारखं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ट्रेनचं बुकिंग लवकर करा, गणपतीत तर विसराच. विमानाने जायचं तर गोव्याचं मोपा विमानतळ सावंतवाडीला जवळ पडतं. राजवाड्यात राहणं परवडत नसेल तरी दरबार हॉल आणि गंजिफाचं काम तिकीट काढून बघता येतं, ते चुकवू नका. १२० पानांचा पूर्ण डाव महाग असतो, त्यामागे किती दिवसांचं काम आहे ते आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा घासाघीस करू नका. छोट्या वस्तूही मिळतात. राजवाड्यात एक रात्र राहिलात तर दुसरी रात्र शिरोडा, रेडी किंवा दोडामार्गच्या एखाद्या घरी राहा. आणि रात्री जेवताना मोबाईल बाजूला ठेवून घरच्या माणसांशी बोला. खाण, जंगल, गोव्यातली नोकरी, सगळं त्या एका जेवणात कळतं.

तुमच्या गावात असा एखादा वाडा असेल, गढी असेल, बंद पडलेली जिनिंग-प्रेसिंग असेल, आणि तिचं काय करता येईल असं तुमच्या डोक्यात काही असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत ठेवा. चांगल्या व्हॉइस नोट्सचा आपण वेगळा एपिसोड करू. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. नमस्कार!